बारवीच्या पुढच्या पायऱ्या

खापरवाडीची बारव गावापेक्षा जुनी. कोणी बांधली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून गावातले म्हातारे छातीठोक सांगायचे की पांडवांनी एका रात्रीत बांधली. पांडवांच्या घरी पाणी कोण भरायचं, हे मात्र कोणी सांगत नसे.

बारवीला दोन बाजूंनी पायऱ्या होत्या. उगवतीकडच्या रुंद, ठेंगण्या, म्हाताऱ्या माणसानं काठीशिवाय उतरावं अशा. मावळतीकडच्या उभ्या आणि अरुंद, मधल्या काही निखळलेल्या, बाकीच्यांवर बाराही महिने शेवाळ. पुरुष अंघोळीला उगवतीकडून उतरायचे आणि बाया घागरी घेऊन मावळतीकडून. गावकुसाबाहेरच्यांना दोन्हीकडून बंदी होती. वर उभं राहायचं आणि कोणी ओतेल तेवढं न्यायचं. त्या गोष्टीला हा कागद पुरायचा नाही.

बायांना पुढच्या पायऱ्या बंद होत्या त्या मारुतीमुळं. उगवतीच्या पायऱ्यांच्या तोंडाशीच बारवीचा मारुती उभा होता. छातीइतका उंच, शेंदूर थापून थापून माठासारखा गोल झालेला. नाक नाही, शेपूट नाही, वरून बसवलेले चांदीचे दोन डोळे तेवढे. मारुती ब्रह्मचारी, त्याच्या समोरून बाईनं जाऊ नये, अशी रीत. ही रीत कोणी घालून दिली? ज्यांना जन्मात घागर उचलायची नव्हती त्यांनी.

नागुबाईला या रितीची किंमत कळली होती. ती चंद्रप्पा वाण्याची विधवा. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग, दारात मीठ-मिरचीचं लहानसं दुकान. मुलगा शिवरुद्र चुडाव्याच्या टेसनाजवळ एका आडत्याकडं कामाला, सणावाराला यायचा. घरात नागुबाई आणि सून सिद्धम्मा, दोघीच. मागच्या पावसाळ्यात सिद्धम्मा भरल्या घागरीसकट मागच्या पायऱ्यांवरून घसरली आणि पोटातलं गेलं. गाव म्हणालं, नशीब. नशिबाला शेवाळ कसं आलं, हे कोणी विचारलं नाही.

आता सिद्धम्माला पुन्हा सातवा महिना लागला होता. इतके दिवस नागुबाईनं स्वतः पाणी भरलं. पण परवा तिचाही पाय मुरगळला आणि गुडघा भोपळ्यासारखा सुजला. गावात दुसरं गोडं पाणी नव्हतं. उद्यापासून सिद्धम्मालाच उतरावं लागणार, आणि मागच्या पायऱ्या तिथंच होत्या.

नागुबाई लंगडत पाटलाच्या ओट्याशी गेली.

"पाटील, पोरीला बाळंत होईस्तोवर पुढच्या पायऱ्यांनी उतरू द्या. मी मारुतीला तेल घालीन."

बन्सीधर पाटील माणूस वाईट नव्हता. गावाला वाईट माणसं लागतच नाहीत, रीत पाळणारी पुरतात. तो म्हणाला, "काकू, माझं काय जायलंय? पण एकीला सोडलं की समद्या येतील. आन् आता तर अजिबात न्हाई. हैद्राबादचे सायब यायलेत."

साहेबांचं असं होतं. निजाम सरकारचं जुन्या इमारती बघणारं एक खातं होतं. त्यातले एक वयस्कर साहेब परभणीला उतरले होते. पोखर्णीचा नृसिंह बघून झाला होता आणि झरीच्या रस्त्यानं ते चारठाण्याची देवळं बघायला निघाले होते. वाटेत खापरवाडीची बारव आहे हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. तेव्हापासून पाटलाच्या अंगात वारं भरलं होतं. लोक पोखर्णीला जातात, औंढ्याला जातात, चारठाण्याचे खांब बघायला कुठून कुठून येतात. मग खापरवाडीला का येऊ नयेत? बघायला माणसं आली की सडक येते. सडक आली की पाटलाची बैलांची धमणी चिखलात रुतत नाही.

"सायबांफुडं गावाची रीत मोडायची व्हय?" पाटील म्हणाला.

"बरं," म्हणून नागुबाई परत फिरली.

साहेब यायच्या दिवशी सकाळीच पाटलानं सटवाजी गुरवाला कामाला लावलं. मारुती लखलखला पाहिजे. सटवाजीनं शेंदूर तेलात कालवून बोटभर जाड थर दिला. पाटील म्हणाला, अजून. सटवाजी म्हणाला, "मालक, देवाला झेपायला पायजे." पाटील म्हणाला, "तू लाव." सटवाजीनं अजून लावला. वरून ऊन तापलं, नवं तेल जुन्या भेगांतून आत मुरलं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेंदराची खोळ चांदीच्या डोळ्यांसकट हलली आणि धप्पदिशी खाली बसली.

त्या वेळी नागुबाई मागच्या पायऱ्यांच्या माथ्यावर होती. पोरीला पाठवायचं मन होईना म्हणून दुखरा पाय ओढत स्वतःच आली होती. समोर, बारवीच्या पलीकडं, तिला सगळं लख्ख दिसलं.

खोळीच्या आतून एक काळा दगड निघाला. दगडावर सूर्य आणि चंद्र. त्यांच्याखाली कोपरात वाकलेला एक हात, पंजा वर केलेला. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या, प्रत्येक वेगळी मोजावी इतक्या नीट कोरलेल्या.

सटवाजी दोन पावलं मागं सरला. "मालक, ही तर बाई हाय."

"गप," पाटील म्हणाला.

"सतीचा हात हाय मालक. असाच दगड माझ्या सासुरवाडीला हाय. नवऱ्यामागं जळालेली बाई."

"गप म्हणलं ना सटव्या. पुन्यांदा लाव शेंदूर."

"वल्या दगडावर बसत न्हाई. आन् पडलेली खोळ आधी गंगेला नेऊन सोडावी लागती, मंग नवी."

गोदावरी काही वाटेवर पडली नव्हती, आणि साहेबांची मोटार झरीहून निघाल्याचा निरोप येऊन गेला होता. पाटलानं इकडंतिकडं पाहिलं. सटवाजीचं धोतर देवाला गुंडाळण्याजोगं नव्हतं. शेवटी पाटलानं आपला लाल पटका डोक्यावरून उतरवला आणि दगडाला गच्च गुंडाळला. हात झाकला, बांगड्या झाकल्या. मग त्याची नजर बारवीपलीकडं गेली.

"काकू, तुमी काय पाह्यलं न्हाई."

"काय पाह्यलं न्हाई," नागुबाई म्हणाली. "पाटील, मंग आज तरी पोरीला फुडून उतरू द्या."

"मारुतीफुडून?" पाटील म्हणाला, आणि म्हणताना त्याला लाज वाटली नाही.

नागुबाईनं रिकामी घागर उचलली आणि ती घराकडं वळली. रस्ताभर ती एकच गोष्ट मनात उलटसुलट करत होती. आपण आयुष्यभर हिला वळसा घालून मागून उतरलो, मागून चढलो. शेजारच्या दगडाबाईचं कंबरडं त्या मागच्या पायऱ्यांवर मोडलं. माझं नातवंड गेलं. आणि वर उभी होती ती बाईच. बाईच्या समोरून बाईनं जायचं नव्हतं.

तिच्या घराण्यात मेलेल्याला जाळत नाहीत, पुरतात. चंद्रप्पालाही बसवून पुरलं होतं. जितं माणूस जाळतात, हे तिनं ऐकलं होतं, पण बांगड्या भरलेला हात पाहिला तो आजच.

घरी सिद्धम्मा चुलीपाशी होती. नागुबाई म्हणाली, "घागर घे. मी बी येते."

"आत्याबाई, तुमचा पाय."

"पाय हाय अजून. ऊठ."

तोवर बारवीवर साहेब पोचले होते. पांढरी दाढी, शेरवानी, सोबत कागदपत्रं धरलेला एक पेशकार. मागं निम्मं गाव. बन्सीधर पाटील पुढं झाला तेव्हा गावाला हसू दाबावं लागलं. पटका देवाला गेलेला, आणि बोडक्या डोक्यानं साहेबापुढं जाणं म्हणजे बेअदबी, म्हणून त्यानं सटवाजीची टोपी घातली होती. टोपी तेलकट होती आणि दोन बोटं आखूड होती.

"पाटील सटव्याचा जावई दिसायलाय," लिंबाजी मागून पुटपुटला.

"जावई नीटनेटका असतोय," चतुराबाई पदराआडून म्हणाली.

साहेबांनी बारव शांतपणे बघितली. कोनाडे बघितले, कमानीवर हात फिरवला. मग मागच्या पायऱ्यांपाशी जाऊन थांबले. तिथल्या दगडांत पावलांनी वाट्या पडल्या होत्या. पुढच्या पायऱ्या मात्र काल घडवल्यासारख्या. साहेब पुन्हा पुढं आले.

"पाटील साब," ते म्हणाले, "अच्छी सीढ़ियाँ तो इधर हैं. फिर वो इतनी कैसे घिसीं?"

"बाया पाणी भरत्यात जी तिकडून."

"इधर से क्यों नहीं?"

"मारुती हाय जी हितं. बायांना चालत न्हाई."

साहेबांनी पटक्यात गुंडाळलेल्या दगडाकडं पाहिलं. "और ये?"

"सोवळ्यात हाय जी देव. आज उघडता येत न्हाई."

साहेब म्हणाले की देवाचं ठिकाण असेल तर ते हात लावणार नाहीत. भला माणूस होता. पण भल्या माणसांच्या अदबीनं रिती मोडत नाहीत, उलट आणखी चार वर्षं टिकतात.

इतक्यात लोक बाजूला सरू लागले. नागुबाई येत होती, लंगडत, एका हाताशी सिद्धम्मा. सिद्धम्माच्या कमरेवर घागर. दोघी मागच्या पायऱ्यांकडं वळल्या नाहीत. सरळ उगवतीकडं आल्या, जिथं बाईचं पाऊल कोणी पाहिलं नव्हतं.

पाटील साहेबापुढं ओरडू शकत नव्हता. तो दोन पावलं पुढं आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "काकू, मारुती हाय."

"मारुतीनं बांगड्या कवा भरल्या, पाटील?"

तिनं आवाज चढवला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं. मग तिनं पटक्याची गाठ सोडली, हळूहळू सगळा पटका उलगडला, नीट घडी घातली आणि पाटलाच्या हातात दिला.

"डोकं झाका. सायब आलेत."

 दगडावरचा हात उन्हात दिसत होता. बांगड्यांच्या खाचांत शेंदूर राहिला होता, त्यानं त्या भरल्यासारख्या वाटत होत्या. 

साहेब पुढं झाले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले की हा सतीचा दगड आहे, फार जुना, बारवीइतकाच. असं नीट काम त्यांनी थोड्याच ठिकाणी पाहिलं. हे बघायला लोक येतील.

एवढं ऐकलं आणि बन्सीधर पाटलाचं तोंड वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखं फिरलं. "हां जी, सतीआई. आमच्याच गावची," तो म्हणाला. सटवाजीची टोपी काढून त्यानं पटका बांधला होता. "फार जागृत हाय."

तोवर सिद्धम्मा पुढच्या पायऱ्यांनी उतरली होती. रुंद पायरीवर एक पाऊल, थांबणं, मग दुसरं. घागर भरून ती वर आली तेव्हा तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

साहेब चारठाण्याकडं गेले. मोटारीची धूळ खाली बसली. गावाला वाटलं, मिटलं.

पण रीत म्हणजे मेलेलं जनावर नव्हे, ती कूस बदलते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलानं सटवाजीला पाठवून घरोघर सांगितलं: सतीआई सवाष्णींची देवी. सवाष्णींनी खुशाल पुढून उतरावं, हळदकुंकू वाहावं. रांडमुंड बाईची सावली मात्र आईवर पडू नये. त्यांनी मागच्या पायऱ्या धराव्या.

सटवाजी नागुबाईच्या दारात आला. तो पायाच्या बोटानं माती कोरत उभा राहिला.

"सांग रे सटवाजी. दुकानात काय घ्यायलास, का निरोप हाय?"

त्यानं सांगितलं. सिद्धम्मा आतून बाहेर आली. नागुबाईनं तिच्याकडं पाहिलं. पोरीचं तर झालं होतं. पोरीसाठी मागितलं ते मिळालं होतं. इथं थांबलं असतं तरी कोणी तिला नाव ठेवलं नसतं.

"जिला जितं जाळलं," ती म्हणाली, "तिला इचारलं का सटवाजी, तिला कोणाची सावली नगं हाय?"

"मला काय ठावं काकू. मी निरोप्या."

"मंग माझा बी ने."

तिनं निरोप सांगितला नाही. भिंतीचा आधार घेत उठली, लहान घागर घेतली आणि बारवीकडं निघाली. सटवाजी मागं मागं. सिद्धम्माही. ऊन चढलं होतं, पाण्याची वेळ होती, बाया जमल्या होत्या. पुढच्या पायऱ्यांच्या माथ्यावर त्या घोटाळत होत्या, हातात हळदकुंकवाच्या वाट्या, पण पहिल्यांदा पाऊल कोणी टाकायचं ते कळेना. बारवीच्या ओट्यावर पाटील बसला होता, राखणीला.

नागुबाई त्यांच्यामधून गेली. सुजलेला गुडघा धरत, एकेक पायरी बसत-उठत खाली उतरली, घागर भरली आणि तशीच वर आली. तिला वेळ लागला. तेवढा वेळ पाटील ओट्यावरच बसून राहिला. लंगड्या विधवेला हाताला धरून ओढायचं तर आधी स्पर्श करावा लागतो, आणि त्याची रीत अजून ठरली नव्हती.

वर येऊन ती दगडासमोर उभी राहिली. हळद नाही, कुंकू नाही. तिनं घागर उचलली आणि त्या बांगड्यांच्या हातावरून सावकाश, सगळी, पाणी ओतलं. तापल्या दगडातून वाफ निघाली. खाचांतला शेंदूर विरघळून पायरीवर वाहत गेला.

"लय भाजलं असंल बाई तुला," नागुबाई म्हणाली.

मग ती पुन्हा घागर घेऊन खाली निघाली, कारण घरात पाणी अजून भरायचंच होतं. सिद्धम्मानं पुढं होऊन तिच्या हातातली घागर घेतली. चतुराबाईनं आपली वाटी ओट्यावर, पाटलाच्या शेजारी, ठेवून दिली आणि दगडावर घालायला ओंजळभर पाणी आणायला उतरली. तिच्यामागं बाकीच्याही वाट्या ठेवून उतरल्या, मागच्या पायऱ्यांकडं निघालेल्याही इकडं वळल्या, सवाष्णी आणि विधवा, कोण कोण ते लांबून ओळखू येत नव्हतं.

पाटील बराच वेळ वाट्या राखत बसला.