कधीच न्हाई

माणसाच्या मनाचा थांग आजवर कुणाला लागलेला नाही, असं थोरामोठ्यांनी लिहून ठेवलंय. शिरूर तालुक्यातल्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत मात्र तो मंगळवारी जेवायच्या आत लागणार होता, कारण प्रगती मॅडमच्या टॅबची बॅटरी तेवढीच टिकायची. पुनर्वसनानंतर माणसांना किती ताण आला, हे मोजायला त्या पुण्याहून आल्या होत्या, आणि एकेक वस्ती पायीच फिरत होत्या.

भैरूआबांनी सकाळपासून चकरा मारून अंगण गुळगुळीत केलं होतं. शेजारच्या जालिंदरनं आदल्या दिवशी कानात सोडलं होतं, "आबा, ज्याचा ताण ज्यास्त निघंल, त्याला हितनंबी उठवणार. हवापालट म्हून." गाव धरणात गेलं तेव्हा बिरोबाला टेम्पोत घालून आणावं लागलं होतं. कौल मागितला, तर देव अख्खा पावसाळा गप्प बसला. पुन्हा टेम्पो आणला तर देव काय बोलेल, याचा नेम नव्हता. तेव्हा ताण दिसता कामा नये, एवढं आबांनी पक्कं केलं होतं.

"बसा ना आबा," मॅडम म्हणाल्या.

"बसलोच हाय की," आबा चालता चालता म्हणाले.

"गेल्या महिन्यात बेचैन वाटलं?"

"कधीच न्हाई."

"छातीत धडधड?"

"कधीच न्हाई."

"झोप?"

"मेल्यावानी."

"रातभर अंगणात फिरत्यात ह्ये!" आतून आबांची बायको गिताबाई ओरडल्या.

"राखण करतोय."

"कशाची? मेंढरं इकून किती वरसं झाली?"

"तुझी करतोय."

टॅबवर आकडा आला, शून्य. मॅडमनी तो पुन्हा निरखला. "आबा, एवढा निवांत माणूस अख्ख्या अभ्यासात सापडला नाही. मीसुद्धा नाही."

आबा थबकले. "आन् ज्यास्त निघाला आसता, तर हलवलं आसतं न्हवं?"

"कुणी सांगितलं? आम्ही हलवत नाही. नुसतं मोजतो."

"मोजून?"

"अहवाल लिहितो."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी पुन्हा मोजतो."

आबा सकाळपासून पहिल्यांदा बसले, आणि मग सगळंच बाहेर आलं. जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर, आणि रोज नवी वाट. आता डोळे उघडले की तीच बाभळ, तोच विजेचा खांब, खांबावर बहुतेक तोच कावळा. रात्री पाय आपसूक उठतात, आबांना विचारत नाहीत.

"गाव सोडल्याचा न्हाई मॅडम, हितं बसून ऱ्हायल्याचा ताण हाय. आन् उठवलं तर देव रुसतोय."

मॅडमनी सगळे प्रश्न पुन्हा विचारले. टॅबवरचा आकडा लालभडक झाला. त्यांनी टॅब बाजूला ठेवला.

"आबा, विद्यापीठात, मंत्रालयात, म्हणाल तिथं मी तुमचं म्हणणं मांडीन. सांगा, तुम्हाला काय हवंय?"

गिताबाई चहाला दूध मागायला शेजारी गेल्या होत्या, तरी आबांनी आवाज खाली आणला.

"पुढल्या वस्तीवर चालतच जाणार न्हवं? मलाबी न्या. फकस्त हिला सांगा, मोजायला नेतेय म्हून."