शुक्रवारअखेर

काकासाहेबांनी वर्तमानपत्राची घडी कापसाचा अडत्या जेठमल याच्या गादीवर आपटली. जोडे त्यांच्या पायांतच होते. राजूरचे पाटील जोड्यांसह दुकानात शिरलेले जालन्याच्या कापूसबाजारात आजवर कोणी पाहिले नव्हते. दाराशी बसलेल्या हमालांचे बोलणे थांबले.

"वाच," ते म्हणाले. "आन् एक आयकून ठेव. काल गावात दवंडी दिलीय. आज राजूरची एक गाडी तुझ्या दारात उतरणार न्हाई."

या माणसाने जेठमलला इतक्या वर्षांत कधी अरेतुरे केले नव्हते. त्याने पगडी काढून बाजूला ठेवली आणि घडी उलगडली. आतल्या पानावर सरकारी बँकेचा आठवड्याचा ताळेबंद छापला होता. बँकेजवळचे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, निम्म्यावर आले होते.

"वर काय लिव्हलंय? शुक्रवारअखेर! शुक्रवारी कलदार आटले, आन् शनवारी तू आमचा कापूस घेऊन जुन्या भावानं निजामाचे हाली शिक्के हातावर ठेवलेस. सोमवारी कलदारापुढं हालीचा भाव पडला. सारं गाव बुडालं. तुला ठावं होतं."

"न्हाई."

"पेपर तुझ्याकडं आधी येतो!"

"येतो, बराबर. बुधवारच्या गाडीनं आला. वाचून झाल्यावर मीच तो तुमच्याकडं धाडला, दर हप्त्याला धाडतो तसा." जेठमलचा आवाज आता चढला. "लबाडी करायची असती, तर हेच पान तुमच्या हातात दिलं असतं का?"

"उपकार सांगू नको!"

आतून जेठमलच्या बायकोचा, जमनाबाईंचा आवाज आला. "पाणी पिऊन भांडा. घसे बसले तर बाजाराला आयकू कसं जाईल?"

कोणीही हसले नाही. जेठमल गादीवरून उठला.

"काकासाहेब, दोन सालामागं पटकी आल्ती. गावाचा आकडा तुमी तहसिलीत कवा धाडला?"

"दर सोमवारी. ते इथं कशाला?"

"आन् छापून कवा आला?"

काकासाहेबांचा मिशीवर गेलेला हात खाली आला. तालुक्याने सगळ्या गावांचे आकडे जमेपर्यंत कागद अडवून धरला होता. 'राजूर : रोगी नाहीत' असे छापून आले, तेव्हा गावात तिरड्या बांधल्या जात होत्या. वर तारीख होती ती गेलेल्या सोमवारची, आणि त्या सोमवारी ते खरेही होते. त्याच कागदावर भरवसा ठेवून त्यांची बहीण सोनूबाई बदनापूरहून गणपतीच्या दर्शनाला आली. ती परत गेली नाही.

"बँकेचं बी तसंच," जेठमल म्हणाला. "दूरदूरच्या शाखांचे आकडे टपालानं यायचे, त्यांची बेरीज व्हायची, मंग छपाई. तारीख तेवढी शुक्रवारची राहते. शनवारी हे मला कुठून ठावं असणार? माझ्या तिजोरीत बी हालीच पडून हायेत. जमनेला इचारा."

"मंग ही तारीख टाकतात कशाला?" काकासाहेब ओरडले. "माणसांना आंधळं करायला?"

"त्या दिवसाचं ते खरं असतं म्हणून."

काकासाहेबांनी पान पुन्हा हातात घेतले. वरच्या 'शुक्रवारअखेर'वर त्यांनी अंगठा दाबला. मग त्यांनी वाकून जोडे काढले आणि ते दाराबाहेर ठेवले.

"शेठ," ते म्हणाले. त्यांनी हात जोडले.

"हालीचा भाव पडला तर मी सोसतो," जेठमल म्हणाला. "पन आज गाड्या दारावरून गेल्या, तर सांजच्याला सारा बाजार म्हनंल की जेठमलनं पाटलाला फसवलं. मंग माझ्या शब्दावर कोन बोंड टाकंल?"

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाशी घुंगरे वाजली. काकासाहेब अनवाणीच धावत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पहिली गाडी पुंजारामची होती.

"थांब पुंजाराम! कापूस हितंच उतरव. माझं चुकलं. शेठचा काही दोष न्हाई."

पुंजारामने कासरा ओढून बैल थांबवले. त्याने काकासाहेबांच्या अनवाणी पायांकडे पाहिले, मग दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या जेठमलकडे.

"तुमाला बी गुंडाळलं का त्यानं?" तो हळहळून म्हणाला. "तुमी लई सरळ मानूस, काकासाहेब."

"अरे, मी सांगतोय ना!"

"आज सांगून राह्यले. काल दवंडी आयकली तवा तुमी आपल्या वाड्यात होते, याच्या दुकानात न्हाई." त्याने बैल बाजूला घेतले. "आमी तुमचा शब्द मोडणार न्हाई. बिलकुल न्हाई."

गाडी त्यांना वळसा घालून पुढच्या अडत्याकडे निघाली. मागून दुसरी आली, मग तिसरी. प्रत्येक गाडीवान त्यांच्याजवळ येताच बैलांचा वेग कमी करी, अदबीने रामराम घाली, आणि पुढे जाई.