टास्क मॅनेजरची चावी

आमच्या किशोरला कुलपं लावायचा भारी नाद. गाडीच्या डिक्कीला कुलूप, प्रिंटरच्या शाईच्या कपाटाला कुलूप, अन् अकोल्याला निघाला की चाव्या स्वतःच्या खिशात. माझ्या घरची रीत अशी, की बाहेरगावी जाणाऱ्याने चावी उंबरठ्यावर माझ्या हातात द्यायची. आमचे मालक खुशालराव अजून देतात. पोराला मात्र वाटतं, बायकांच्या हातून सगळं बिघडतं.

परतवाड्याला घराच्या पुढच्या खोलीत आमचं लग्नाचे फोटो अन् फिल्म करायचं दुकान आहे. पाटी किशोरच्या नावाची, काम सून रागिणीचं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं किशोरला चांगलं जमतं, ते मी नाकारत नाही.

त्या दिवशी शेजारच्या माणिकबाईच्या पोरीची, शालूची, हळद होती. साखरपुड्याची फिल्म संध्याकाळी मांडवात दाखवायची होती. रागिणीने पहिल्यांदाच अख्खी फिल्म एकटीने जोडली होती, किशोरला बोटही लावू दिलं नव्हतं. सकाळपासून कॉम्प्युटर ती फिल्म तयार करत होता. दुपारी फोटोंचा प्रोग्राम मधेच अडकला. पुढे सरकेना, बंदही होईना, अन् त्याच्यापायी फिल्मही जागच्या जागी थांबली.

मी म्हटलं, मशीन बंद करून चालू कर. ती म्हणाली, तसं केलं तर फिल्म पुन्हा पहिल्यापासून, अन् तोवर हळद उरकून जाईल. अडकलेल्या एकट्यालाच बाहेर काढायला टास्क मॅनेजर असतो म्हणे. तो उघडायला गेली तर समोर सूचना आली, व्यवस्थापकाने हा बंद केलेला आहे. व्यवस्थापक कोण, तर आमचा दिवटा.

तिने फोन लावला. साहेब शाई आणायला अकोल्याच्या बाजारात. हात लावू नका, आल्यावर पाहतो, एवढंच बोलले. सुनेचे डोळे भरलेले पाहिले अन् मी फोन ओढून घेतला. व्यवस्थापकाचा पासवर्ड सांग म्हटलं तर चाचरायला लागला. गर्दी आहे, ऐकू येत नाही, घरी येऊन सांगतो, असं काय काय.

"किशोर, चावी उंबरठ्यावर द्याची होती, ते तू देली नाई. आता फोनवर दे."

रिक्षांचे भोंगे लांब गेले, म्हणजे तो बाजूला सरकला. मग हळूच म्हणाला, "शेंदूरजनाघाट. अन् पुढं एक दोन तीन."

शेंदूरजनाघाट म्हणजे रागिणीचं माहेर! मी तोंडाला पदर लावला, पण हसू काही दबलं नाही. रागिणीने मान खाली घालून टायपायला घेतलं, कान मात्र लालभडक.

पासवर्ड लागला अन् व्यवस्थापकाच्या सेटिंगा उघडल्या. एकात एक, एकात एक, जशा माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या. शेवटी सापडलं. 'टास्क मॅनेजर काढून टाका' अशी सूचना तिथे चालू करून ठेवली होती. ती बंद केली की टास्क मॅनेजर चालू. म्हटलं, कारभार उलटा आहे, पण पोराच्या डोक्याला शोभतो. रागिणी डोळे पुसता पुसता हसली. टास्क मॅनेजर उघडला, तिने अडकलेल्याला बरोबर हुडकून बाहेर काढलं, अन् फिल्म पुढे सरकायला लागली. मी चहा टाकला, साखर जरा जास्तच.

मांडवात फिल्म लागली तेव्हा नवरदेवाने अंगठी उलट्या हातात घातली तो प्रसंग रागिणीने दोनदा दाखवला. मांडव हसून हसून लोटपोट. शालू तर हळदीचे हात तोंडावर घेऊन बसली. माणिकबाई विचारायला आली, हे कोणी केलं. मी सुनेला हाताला धरून पुढे केलं.

तेवढ्यात किशोर शाईच्या पिशव्या घेऊन पोचला अन् माझी नजर चुकवून जेवणाच्या पंगतीकडे सरकायला लागला. मी त्याला चार बायांदेखत थांबवलं.

"बायकोच्या माहेराचं नाव कुलपाले लावतं, अन् तिच्याच हातावर भरवसा नाई तुले? आजपासून व्यवस्थापक रागिणी. तुले काई उघडाचं असन, तर तिले इचारजो. अन् ते नाव बदलू नको, मले पसंत हाय. जा, जेव आता."