तांदळातलं नाव

जे लग्न कधी झालंच नाही, त्यात नवरीने काय बोलावं यावरून आयर्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात तीन आठवडे भांडण चाललं होतं.

नाटक मी लिहिलेलं. देवगिरी आणि वारंगळ ही दोन राज्यं खऱ्या इतिहासात आपसात भांडत राहिली आणि एकामागोमाग एक बुडाली. माझ्या नाटकात देवगिरीची राजकन्या कमलजा वारंगळच्या राजपुत्राशी लग्न करते, दोन्ही राज्यं एक होतात आणि उत्तरेकडून आलेली फौज आल्या पावली परत जाते. शेवटच्या प्रवेशात राजपुत्र ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायला जातो, तर कमलजा त्याच्याकडून अंगठी मागून घेते आणि स्वतःचं जुनंच नाव लिहिते.

हा प्रवेश का लिहिला, तेही सांगून टाकते. माझं नाव योगिनी. वीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नात विवेकने असंच ताटात 'चित्रा' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. विवेक बिचारा म्हणतो, मला आईने कागदावर लिहून दिलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष हरीशदादा म्हणाले, "वहिनी, शेवट बदला. राजपुत्र 'राजलक्ष्मी' लिहितो, सनई, पडदा. गणपतीचा कार्यक्रम आहे, माझी आई पहिल्या रांगेत बसणार, तिला हे असलं नाही आवडायचं. आणि इतिहासात असं काही झालेलं नाही."

"दादा, इतिहासात हे लग्नच झालेलं नाही."

"तेवढं चालतं हो."

लग्न खोटं चालतं, राज्य खोटं चालतं, फक्त नवरीने तोंड उघडलं की इतिहास आठवतो! मी दिवसभर ड्रोहेडा गावातल्या कारखान्यात लोकांच्या कागदांतल्या चुका काढते, तिथे कुणाची भीड ठेवत नाही. इथे मात्र मुकाट्याने शेवटची सहा वाक्यं खोडली. मुलांनी दोन महिने तालमी केल्या होत्या, कार्यक्रम तरी होऊ दे, म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी नावन गावातल्या हॉलकडे जाताना गाडीत सानिका म्हणाली, "सो यू जस्ट लेट हिम?" सानिका म्हणजे माझी सोळा वर्षांची मुलगी आणि नाटकातली कमलजा.

"जाऊ दे ना, सानू. इट्स ग्रँड." इथे कशालाही 'ग्रँड' म्हणतात, म्हणजे नुसतं 'चालतंय'.

"इट्स नॉट ग्रँड, आई."

तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम आयरिश इंग्रजीत. ती सहा वाक्यं तिने घाम गाळून पाठ केली होती. नावनला पोचेपर्यंत ती कानांत इअरफोन घालून खिडकीकडे तोंड करून बसली.

नावनचा हॉल भरला होता. मी कोपऱ्यात लॅपटॉपवर संगीत लावत होते, हरीशदादा माइक घेऊन सूत्रधार. फौज परत गेली, टाळ्या पडल्या. ताट आलं. राजपुत्र झालेल्या अथर्वने अंगठी तांदळाला लावली, आणि सानिकाने त्याचं मनगट धरलं.

"थांबा."

हरीशदादांनी मला हात केला. सनई लावा! माझं बोट बटणावर होतं. मी ते उचललं आणि लॅपटॉप मिटून टाकला.

"तुमचं राज्य आलं, माझं राज्य आलं," सानिका म्हणाली. तिचा 'र' पार आयरिश, आमच्या मीथ परगण्याचा होता. "दोन्ही नावं राहिली. मग माझंच का पुसता? मी माहेर सोडलं. नाव सोडणार नाही. अंगठी द्या."

एक शब्द चुकला नाही. अथर्वने निमूटपणे अंगठी दिली. तिने तांदळात वाकड्यातिकड्या अक्षरांत 'कमलजा' लिहिलं आणि ताट प्रेक्षकांकडे वळवलं. माझे डोळे भरून आले आणि ते मी पुसलेही नाहीत.

हरीशदादा माइकवर घाईघाईने म्हणाले, "तर मंडळी, ही आपली एक गंमत. प्रत्यक्षात प्रथा अशी की..."

"थांब रं, हरीश."

पहिल्या रांगेतून त्यांच्या आई उठल्या होत्या. लताआजी, वय ब्याऐंशी, पन्हाळ्याकडून तीन महिन्यांसाठी आलेल्या. काठी टेकत त्या रंगमंचापाशी गेल्या.

"पोरी, त्यात माजं बी नाव लिवू दे. लगनाआदीचं."

सानिकाने हाताने तांदूळ सारखे केले आणि अंगठी आजींच्या हातात दिली.

"आई, तुझं नाव लता," हरीशदादा म्हणाले. माइक चालूच होता.

"ते तुज्या बानं ठिवल्यालं. मी हौसा."

"हे मला कधी सांगितलं नाहीस!"

आजी वाकून लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"साठ वर्सं झाली तुला. इचारलंस कवा?"