सहा आवाजांची भाषा

"आप्पा, त्या चिन्यांची बोली झाली का पाठ?" दुधाची चरवी ओट्यावर टेकवत नवलाख उंबरे गावाहून दूध घालायला येणाऱ्या झुंबरबाईनं विचारलं.

"चिनी नव्हेत गं, व्हिएतनामी," त्र्यंबकराव वहीतून मान वर न करता म्हणाले. "चिन्यांनी त्यांच्यावर हजार वर्षं राज्य केलं. यांनी शब्द ढीगभर घेतले, पण आपली बोली सोडली नाही. एकच अक्षर सहा आवाजांत म्हणतात. आवाज बदलला की अर्थ बदलतो."

"त्यात काय नवाल? आमची सासू नुसतं 'ये' म्हनायची. जेवाया बोलावतीया का मार द्याया, आवाजावरनंच कळायचं."

त्र्यंबकराव खळखळून हसले. "हे रविवारच्या व्याख्यानात सांगतो, तुझ्या नावानिशी."

"नगं बया! सासू वर ऐकत आसंल."

आत डबा भरताना त्यांच्या लेकीला, चंद्रिकेलाही हसू आलं. पण शाळेत शिकवायला जायला उशीर होत होता. 'येते' एवढंच म्हणून ती निघाली. संध्याकाळी परतली तेव्हा वही मांडीवर तशीच होती आणि आप्पा गेले होते.

लोणावळ्याच्या मालधक्क्यावर जन्मभर कारकुनी केलेला माणूस. पहिल्या महायुद्धात मजुरांच्या तुकडीबरोबर फ्रान्सला गेला, तिथल्या गोदीत बाओ नावाच्या व्हिएतनामी हमालाशी गट्टी जमली, आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमधून दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवली. परतल्यावरही आप्पांनी तो नाद सोडला नाही. गावानं त्यांना 'चिनीबाबू' म्हणून चिडवलं. आता, सत्तेचाळीसच्या जानेवारीत, वर्तमानपत्रांत व्हिएतनामची लढाई आली, तेव्हा कुठे वाचनालयानं त्यांना व्याख्यानाला एक रविवार दिला. आयुष्यातला पहिला.

तिसऱ्या दिवशी वाचनालयाचे चिटणीस चिंतामणराव भेटायला आले. उठता उठता म्हणाले, "रविवारचं रद्द करतो. भजन ठेवू. नाहीतरी त्या भाषेचं इथं कुणाला काय पडलंय?"

"रद्द करू नका, काका. मी बोलेन."

"अगं, दहा दिवस सुतक आहे तुला!"

"ज्यांना विटाळ होईल त्यांनी मागं बसावं. माझा आवाज पोचतो."

रविवारी निम्मी माणसं खरोखरच भिंतीला टेकून बसली. पहिल्या रांगेत झुंबरबाई एकटीच. चंद्रिकेनं वही उघडली आणि व्हिएतनामी लोकांची लिपी कशी बदलत गेली ते सांगू लागली. आधी चिनी अक्षरं, सरकार-दरबाराची. मग त्यांच्यातूनच जुळवून घडवलेली स्वतःची अक्षरं, आपल्या बोलीतली कवनं लिहायला. मग पाद्र्यांनी आणलेली रोमन, डोक्यावर आणि पायाशी आवाजांच्या खुणा दिलेली. "आणि आज," ती म्हणाली, "त्याच रोमन अक्षरांत ते फ्रेंचांना लिहितायत, चालते व्हा."

मागून कुणीतरी 'वा' म्हणालं.

तेवढ्यात स्टेशनातल्या इंजिनानं शिटी दिली. चिंतामणराव खिडक्या लावायला उठले.

"राहू द्या उघड्या." चंद्रिका म्हणाली. तिनं वही मिटली. "आप्पा घरी हे सहा आवाज घोकायला लागले की मी खिडक्या लावून घ्यायची. रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून. मला लाज वाटायची त्यांची. त्यांना ते कळत होतं, तरी कधी बोलले नाहीत. मीही बोलले नाही."

वही टेबलावर ठेवून ती पुढे आली.

"सहाही आवाज मला येतात. बंद खिडकीच्या आत बसून मीच तर ऐकत होते. आता एकेक म्हणते. मोठ्यानं."