शुगर कोब्राची काजळपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर कुणी भाता हलवून सूर काढायला जाऊ नका; मी गाण्यातली पेटी नव्हे, गाणाऱ्यांची. माझं झाकण उघडलं की आत आरसा आहे, आरशाभोवती दिव्यांची चौकट आहे, आणि खाली रंग, पावडर, कंगवे, काजळपेन्सिली ठेवायचे कप्पे आहेत. चार दांडगे पुरुष माझ्यासमोर बसून नटायचे. हसू नका. तेव्हाच्या लॉस एंजेलिसमध्ये जोरात गिटार वाजवायची तर आधी नटावं लागायचं. त्या संगीताला ग्लॅम मेटल म्हणत, आणि ते वाजवणाऱ्यांचे पाठीवर रुळणारे केस पाहून, बाई समजून भलेभले फसत.

माझा जन्म त्याच शहरातल्या रेसिडा नावाच्या वस्तीत, एका गॅरेजमध्ये झाला. मला घडवणारे स्टॅन कुचेक हाडाचे सुतार होते. लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं करून उरलेल्या फळ्यांतून त्यांनी मला जोडलं. बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानातला आरसा कापून माझ्या झाकणात बसवला. त्यांचा मुलगा लोनी ड्रम वाजवायचा आणि त्याच्या बँडसाठी ही सगळी खटपट होती. म्हाताऱ्याचे हात चालत तसं तोंडही चालायचं.

"देवाकडे एक मुलगी मागितली होती," ते म्हणाले. "त्यानं चार दिल्या. त्याही दाढीवाल्या."

"पपा, आरसा जरा तिरका बसलाय," लोनी म्हणाला.

"आरसा सरळ आहे. तुझं तोंड तिरकं आहे."

बोलायचे असं, पण बिजागऱ्या मात्र त्यांनी पितळेच्या लावल्या. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमचं नाचगाणं किती दिवस चालेल ठाऊक नाही. ही टिकेल." तेव्हा सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसले.

बँडचं नाव शुगर कोब्रा. ड्रमवर लोनी, गायला डेल ब्रूबेकर, गिटारवर गस आणि बेसवर पीट. लोनी आणि डेल एकाच गल्लीत वाढलेले आणि एकाच शाळेतून हाकललेले. एकाचं नाक फुटलं तर दुसऱ्याच्या आईनं बर्फ लावायचा, असा तो घरोबा. चौघांच्या घट्ट विजारी बायकांच्या दुकानातून यायच्या. क्लबांच्या सनसेट रस्त्यावर कार्यक्रमाची पत्रकं वाटताना बुटांच्या उंच टाचा मोडायच्या आणि मग चिकटपट्टीनं बांधलेल्या टाचांवर तोल सावरत चौघे पुन्हा पत्रकं वाटायचे.

पहिल्या कार्यक्रमाला क्लबनं त्यांना नटायला जी खोली दिली, तिथे फरशी पुसायची बादली आणि मोकळे क्रेट होते. मला दोन क्रेटांवर ठेवलं. डेल माझ्यासमोर काजळ घालायला उभा राहिला आणि त्याचा हात असा काही थरथरायला लागला, की पेन्सिल थेट डोळ्यात गेली. डोळा लाल, गालावरून हनुवटीपर्यंत काळा ओघळ.

"मला नाही जमत," डेल म्हणाला. "मी घरी जातो."

तो खरंच निघाला होता. लोनीनं दुधाचा एक क्रेट पालथा घातला आणि त्याला दंड धरून त्यावर बसवलं. "हात खाली. वर बघ. पापणी हलवलीस तर कान उपटीन." त्यानं सावकाश, श्वास रोखून, डेलच्या दोन्ही डोळ्यांत रेघ ओढली. मग पेन्सिल त्याच्या हातात दिली. "आता माझं तू घाल."

"लेका, माझा हात बघतोयस ना?"

"बघतोय. म्हणून तर देतोय."

आणि नवल म्हणजे तो हात थांबला. मी अगदी समोरून पाहिलं आहे, मित्रांनो. स्वतःच्या डोळ्याशी माणूस धसमुसळेपणा करतो, पण दुसऱ्याचा डोळा हाताखाली आला की जपून वागतो. त्या दिवसापासून शुगर कोब्राचा नियम झाला, की स्वतःचं काजळ स्वतः घालायचं नाही. शेजारच्यानं घालायचं. लोनी डेलचं घालायचा, डेल लोनीचं. भांडण झालेलं असो, पोटात अन्न नसो, दोघांना रोज एकदा एकमेकांच्या डोळ्यांत बघावंच लागायचं. माझ्यासमोर बसून अबोला धरता येत नसे.

पुढे त्यांचे दिवस पालटले. रेकॉर्ड निघाली, टीव्हीवर गाणं लागलं. दाराशी मुलींची गर्दी होऊ लागली. खोलीत हेअरस्प्रेचा असा धूर व्हायचा, की मला माझ्याच आरशात काही दिसायचं नाही. लोक माझ्याबरोबरही फोटो काढायचे. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला स्वतःचा थोडा गर्व झाला होता.

मग माणसं बदलू लागली. आधी गस गेला. लग्न करून तो ओरेगॉनला सासऱ्याच्या गोठ्यात रमला. त्याच्या जागी किप सँडोव्हाल आला, बोटांनी चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ. पहिल्याच दिवशी त्यानं येऊन झपकन स्वतःचं काजळ घालायला घेतलं. लोनीनं त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

"या घरात असं नसतं."

"का, मला डोळे नाहीत?"

"आहेत म्हणूनच. बस."

किप क्रेटवर बसला. पीटनं त्याची हनुवटी धरली. "माझ्या आईनंसुद्धा मला एवढा वेळ कधी धरून ठेवलं नाही," किप म्हणाला, आणि सगळे हसले. एवढं झालं, की माणूस आपला झाला. दुसरी दीक्षा नव्हती. पुढे पीट आजारपणानं गेला आणि त्याच्या जागी आलेल्यालाही किपनंच क्रेटवर बसवलं. जाणारा जायचा, येणारा त्याच क्रेटवर बसायचा, आणि मला वाटायचं की ही साखळी काही तुटत नाही.

तुटली ती बाहेरच्या धक्क्यानं नाही. रेकॉर्ड कंपनीनं डेलला वेगळी खोली दिली, वेगळा आरसा दिला, नटवायला माणूस दिला. सुरुवातीला डेल काजळापुरता तरी आमच्याकडे यायचा. मग एका मोठ्या सभागृहात तो आलाच नाही. लोनी पेन्सिल तासून क्रेटशेजारी उभा राहिला होता. किप म्हणाला, "येईल रे." बाहेर माणसं डेलच्या नावानं ओरडायला लागली तरी क्रेट रिकामाच होता. शेवटी लोनीचं काजळ किपनं घातलं. मंचाकडे जायच्या वाटेवर, माझ्या खोलीच्या दारासमोरच, दोघांची गाठ पडली. डेलच्या डोळ्यांत काजळ होतं, झोकदार आणि अगदी नीट.

"कुणी घातलं?" लोनीनं विचारलं.

"मीच," डेल म्हणाला.

बाहेरच्या माणसाला यात काय वाटणार? आपलं काजळ आपण घातलं, बिघडलं कुठे? पण या घरात त्या एका शब्दाचा अर्थ फार मोठा होता. त्या दिवशी लोनीनं ड्रम असे बडवले, की दोन काठ्या मोडल्या. तो दौरा संपला आणि डेल वेगळा झाला. एकट्याच्या नावानं गायला निघाला. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाव तू ठेव. पेटी पण ठेव."

घर फिरलं की वासेही फिरतात. बघता बघता लोकांची आवड बदलली. आता गाणारे चौकटीचे मळके सदरे घालून, केस न विंचरता मंचावर यायचे. नटलेला पुरुष दिसला की लोक फिदीफिदी हसायचे. डेलचं एकट्याचं गाणंही चाललं नाही, आणि आमच्या बँडला मोठी सभागृहं राहिली नाहीत. कॅसिनोचे कोपरे, गावोगावच्या जत्रा, मक्याच्या पिठात तळलेले सॉसेज विकणाऱ्या गाडीशेजारचा मंच. लोनीनं तरी दम सोडला नाही. डेलच्या जागी एकामागून एक गाणारे आले. त्यानं प्रत्येकाला क्रेटवर बसवून काजळ घातलं. कुणी टिकले, कुणी दुसऱ्या बँडला जाऊन मिळाले. सगळ्यांत शेवटी आला ब्राइस हॅगर्टी. आवाज बरा, स्वभाव सोन्यासारखा.

आणि मग लोनीचा हात थरथरू लागला. भीतीनं नव्हे, कंपवातानं. आधी काठी निसटायची, मग ताल निसटू लागला. ब्राइसच्या डोळ्यात रेघ ओढताना पेन्सिल भुवईवर गेली, तेव्हा लोनीनं ती कप्प्यात ठेवली आणि झाकण हळूच लावलं. दुसऱ्या आठवड्यात बँडचं नाव किपच्या हवाली करून तो रेसिडाला परतला. मला बरोबर नेलं नाही. "पेटी बँडची आहे," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

आता शुगर कोब्रात मूळचा एकही माणूस नव्हता. आयोवातल्या एका जत्रेत एका आजोबांनी ब्राइसला हटकलं. "मी तुमची पहिली रेकॉर्ड घेतली होती रे पोरा. तुमच्यात मूळचा कोण आहे?"

ब्राइसनं माझ्या झाकणावर हात ठेवला. "ही."

सगळे खो खो हसले. मला हसू आलं नाही. खरंच मी एकटी उरले होते.

त्यानंतर माझीही गरज संपली. नवी पोरं मोबाइलमध्ये तोंड बघून आपापली रंगायची. घाईत कोण कुणाची हनुवटी धरतो? माझ्या कप्प्यांत वायरी कोंबल्या गेल्या. कुणीतरी माझ्यावर स्पीकर आदळला आणि आरशाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. भाड्याच्या कोठारात मी अंधारात पडून राहिले. धुळीचं मला काही नाही, मित्रांनो. पण आरशासमोर कुणीच नसणं फार कठीण असतं.

किपनं कोठार रिकामं करायला काढलं तेव्हा कचऱ्याच्या ढिगातून ब्राइसनं मला उचललं आणि रेसिडाला आणलं. तेच गॅरेज. स्टॅन कुचेक केव्हाच गेले होते, पण त्यांची करवत भिंतीवर होती. लोनी पिकला होता, वाकला होता. त्यानं माझ्यातल्या वायरी काढल्या आणि थरथरत्या हातानं माझ्या बिजागऱ्या पुसत बसला. म्हाताऱ्यानं लावलेलं पितळ पुन्हा चमकायला लागलं.

"रविवारी दुपारी इथल्याच बागेत आमचा कार्यक्रम आहे," ब्राइस म्हणाला. "डेल एक गाणं म्हणणार आहे."

"शिळ्या कढीला ऊत कशाला आणतोस?"

"मी नाही आणत. तो आपणहून म्हणाला. पण अट घातलीये त्यानं. काजळ तू घालशील तर."

लोनीनं आपला उजवा हात पुढे केला. तो हात वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता. "त्याला सांगितलंस का हे?"

"सांगितलं. तो म्हणाला, मला नाहीतरी दिसत नाही."

तेव्हा कळलं, की डेलची नजर गेली होती. कडेकडेचं थोडं दिसायचं, पण समोरचं काही नाही. आरशात स्वतःचा चेहरा त्यानं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. लोनीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रविवार उजाडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. एवढ्या वर्षांनी डेल माझ्यासमोर बसेल का, आणि बसला तरी लोनी पेन्सिल हातात घेईल का?

रविवारी बागेतल्या तंबूत मला टेबलावर ठेवलं. डेल आपल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून आला. डोक्यावर केस नव्हते, टोपी होती. त्यानं हात पुढे करून चाचपडत मला शोधलं. माझ्या कडेवरून, बिजागऱ्यांवरून बोटं फिरवली; ती तड्यापाशी थांबली.

"हिला काय झालं?"

"वय," लोनी म्हणाला. तो कोपऱ्यात उभा होता.

डेल त्या आवाजाकडे वळला. मग म्हणाला, "क्रेट कुठाय?"

लोनीनं पायानं क्रेट सरकवला. डेल बसला, टोपी काढली, आणि कुणी न सांगता हात खाली घेऊन वर बघितलं. लोनीनं कप्प्यातून पेन्सिल काढली. ती डेलच्या डोळ्याजवळ नेली आणि पुन्हा मागे घेतली. दुसऱ्यांदा नेली, पुन्हा मागे घेतली.

"नाही जमत," लोनी म्हणाला. "डोळ्यात जाईल. मी घरी जातो."

तेव्हा डेलनं चाचपडत त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. "मला बघू दे तरी कसा थरथरतोय. हं. माझा यापेक्षा वाईट होता." मनगट धरूनच त्यानं ती पेन्सिल आपल्या पापणीपाशी आणली. "ओढ आता. मी धरलंय."

लोनीनं रेघ ओढली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात डेलच्या हातात होता. एक डोळा झाला, मग दुसरा. माझ्यातल्या तड्यामुळे मला दोन डेल आणि दोन लोनी दिसत होते, आणि चौघांना एकदम पाहून मला पहिल्या दिवसाची ती बादलीची खोली आठवली.

मित्रांनो, मी आता त्याच गॅरेजमध्ये असते. आरसा तडकलेलाच आहे, लोनीनं तो बदलू दिला नाही. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातली जुनी वस्तू काढून टाकण्याआधी तिच्यासमोर कोण कोण बसलं होतं ते एकदा आठवा, आणि ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला तिच्यासमोर बोलावून बघा. माणसं आली तर वस्तू जगते.

त्या रविवारी काजळ घालून झालं तेव्हा बाहेर बँड वाजायला लागला होता. डेलच्या डोळ्यांतली रेघ वाकडीतिकडी आली होती, एक जाड आणि एक बारीक, गालावर एक ठिपका. ब्राइस त्याला न्यायला आत आला आणि बघतच राहिला.

"हे कुणी घातलं?" त्यानं विचारलं.

"लोनीनं," डेल म्हणाला, आणि तसाच गायला गेला.