बारावा थर्मास

थर्मासची कल्पना माझीच होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे मॅमच्या नावाने कोणी बोटं मोडायला नको.

मॅम, म्हणजे आलेग्रे बाई, शहरातल्या विद्यापीठातून आमच्या बेटावर आल्या त्या नियमांची जाडजूड वही घेऊनच. बाईला आधी विचारायचं, तिची तयारी असेल तरच बसायचं. कागदावर नाव नाही, नुसता आकडा. नवरा घरात असेल तर ताप-खोकल्यापलीकडे जायचं नाही. गावात सांगायचं की बायकांच्या तब्येतीची पाहणी चालू आहे. खरा प्रश्न मध्येच कुठेतरी दडवलेला होता, नवरा हात उचलतो का म्हणून. मी एकोणीस वर्षं या गावची आरोग्यसेविका. वजनकाटा घेऊन घरोघरी फिरते, अख्खा गाव मला मनांग सेला म्हणजे थोरली बहीण म्हणतो. म्हणून मॅमनी मला सोबत घेतलं आणि ऐकलेलं बाहेर जाणार नाही अशी माझ्याकडून शपथही घेतली. ती मी पाळली. तोंडातून शब्द काढला नाही.

पण कुणी तासभर बोलावं आणि आपण तिला हात हलवत परत पाठवावं, हे आमच्याकडे चालत नाही. म्हणून बेचाळीस बायकांना एकेक निळा टब दिला. त्यातल्या अकराजणींनी त्या प्रश्नाला 'हो' म्हटलं. त्यांना मॅमनी चर्चमागच्या खोलीत पुन्हा बोलावलं, दोन-दोन तास बसवलं. आता दोन तास रडलेल्या बाईला काय दुसरा टब द्यायचा? मीच बाजारात गेले आणि लाल थर्मास घेऊन आले. अकरा त्यांचे, बारावा जास्तीचा, एखादा फुटला-बिटला तर. मॅम चाचरत म्हणाल्या होत्या, सगळ्यांना सारखंच दिलेलं बरं नाही का? मी म्हटलं, मॅम, तुम्हाला आमच्या रीती नाही कळायच्या. एवढी अक्कल पाजळली मी.

शुक्रवारी सकाळी पुरिंगच्या दुकानात पाव आणायला गेले, तर पुरिंग तोंड फुगवून बसलेली. तिला नुसता टब मिळाला होता ना. गिऱ्हाइकांसमोर ती बोटांवर मोजत होती, कुणाकुणाच्या फळीवर लाल थर्मास दिसतोय. बाकावर चार-पाच पुरुष कॉफी पीत होते. या बायकांनी असं काय सांगितलं की त्यांना दोन-दोन वस्तू, एकाने विचारलं. दुसऱ्याने तीच नावं सावकाश पुन्हा म्हटली आणि म्हणाला, "या तर सगळ्या मार खाणाऱ्याच गोळा केल्यात." सगळे हसले.

मॅमनी कागदावरसुद्धा नावं येऊ दिली नव्हती, आणि मी मूर्खाने तीच घरोघरी फळीवर मांडून ठेवली होती.

अकरापैकी दहाजणींचे नवरे गावातच होते. ते कधी ना कधी ऐकणार, त्याचीही भीती होतीच. पण अकरावा रॉडेल. तो समुद्रात माकुल मासळी धरायला गेलेला, दुपारी त्याची बोट लागायची. किनाऱ्यावरून घरी जाताना तो या बाकावर टेकल्याशिवाय कधी गेलेला नाही. गेल्या वर्षी त्याच्या बायकोचं, जोवेलिनचं, मनगट मीच बांधलं होतं. ती म्हणाली घसरून पडले, मी नोंदवहीत तसंच लिहिलं. पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

मी धावतच तिच्याकडे गेले. थर्मास फळीवर, बाळ येशूच्या मूर्तीशेजारी ठेवला होता, पुसून चकचकीत. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि म्हटलं, दे तो इकडे, मी घेऊन जाते.

जोवेलिन पांढरी पडली, पण जागची हलली नाही.

"आता नेऊन काय उपयोग? पुरिंगने मोजलाय तो. आता दिसला नाही तर रॉडेल विचारेल, लपवलास का." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनांग, प्रत्येक गोष्टीला माझी परवानगी विचारलीत. लिहू का, आवाज टेपवर घेऊ का, मध्येच थांबायचंय का. हा घरी न्यायला सांगताना का नाही विचारलंत?"

मी खाली मान घालून बाहेर पडले. घड्याळात अकरा वाजून गेले होते. शहरात परत गेलेल्या मॅमना फोन लावला. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या, उद्याच्या पहिल्या बोटीने येते म्हणाल्या. उद्या येऊन काय करणार होत्या, डोंबल?

घरी येऊन पलंगाखालचं खोकं ओढलं. बारावा थर्मास आत तसाच होता, कागदात गुंडाळलेला.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या बेचाळीसजणींत मीही होते. मॅमनी मलाही तो प्रश्न विचारला होता आणि मी डोळ्याला डोळा भिडवून 'नाही' म्हटलं होतं. माझा नवरा बेनितो गावच्या पंचायतीत आहे, लोकांची भांडणं सोडवतो. जिथे झाकलं जाईल तिथेच मारतो. मला निळा टब मिळाला, मी त्यात कपडे भिजवते.

थर्मास घेऊन मी पुरिंगच्या दुकानात गेले. बेनितो बाकाच्या मधोमध बसला होता. समोर रॉडेलची बोट वाळूला लागत होती. मी थर्मास बेनितोच्या पुढ्यात ठेवला आणि पुरिंगला म्हटलं, यात गरम पाणी भर.

पुरिंगचे डोळे विस्फारले. "मनांग, तुलाही मिळाला?"

"मिळाला की. न मिळायला काय झालं?"

बाकावर कोणी हसलं नाही. एकेक जण चोरून बेनितोकडे बघायला लागला. बेनितोने थर्मासकडे बघितलं, मग माझ्याकडे. माणूस हुशार आहे, त्याला समजायला वेळ लागत नाही. मी बाकाचा कठडा घट्ट धरून उभी राहिले.

मग तो मोठ्याने हसला. "अरे येड्यांनो, चिठ्ठ्या टाकल्या होत्या! ज्यांची निघाली त्यांना थर्मास. तुम्ही उगाच त्या बायकांची बदनामी करताय?"

पंचायतीचा माणूस बोलला म्हटल्यावर विषय संपला. पुरिंगने आपल्या फुटक्या नशिबाला शिव्या घातल्या. रॉडेल वाळूतून वर आला तेव्हा कोणीतरी त्याला म्हणालं, तुझी बायको नशीबवान बाबा, चिठ्ठीत थर्मास लागला तिला. काय सांगता, म्हणत तो हसला आणि कॉफी पिऊन घराकडे गेला. मी तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. त्याची चाल रोजच्यासारखी होती.

बेनितोने थर्मास उचलला. चल घरी, म्हणाला. तो पुढे, मी मागे. वाटेत भेटेल त्याला त्याने हसून हात केला, एकाच्या पोराची चौकशीही केली. घरात शिरल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि थर्मास टेबलावर अगदी हळू ठेवला.

"काय सांगितलंस त्या मॅमला?"

त्याला सांगताना पहिल्यांदाच मला खोटं बोलायची गरज नव्हती.

"अजून काहीच नाही," मी म्हटलं. "मॅम उद्या सकाळच्या बोटीने येतायत."